सावळ्या वर्णासाठी इंग्रजीत कोणता शब्द लिहावा?

निपाणीच्या मुलीचा लग्नाचा बायोडाटा इंग्रजीत करताना ‘सावळा’ वर्ण कोणत्या शब्दाने सांगावा, असे आपण विचारले आहे. स्थळे इकडचीच असतील तर ‘डस्की’ चालेल, कारण भारतीय इंग्रजीत तो बहुधा कौतुकानेच वापरला जातो. परंतु मुलगा परदेशात वाढलेला असेल तर तो टाळावा. माणसाच्या वर्णासाठी हा शब्द तिकडच्या अनेक वाचकांना जुनाट आणि प्रसंगी अवमानकारकही वाटतो, म्हणून तेथे ‘ब्राउन स्किन’ किंवा ‘डार्क-स्किन्ड’ असे सरळ लिहावे. वधू-वर सूचक केंद्रांच्या अर्जांत आढळणारा ‘व्हीटिश’ हा आपल्या गव्हाळ वर्णासाठीचा शब्द आहे, सावळ्यासाठी नव्हे, आणि भारताबाहेर तो फारसा कोणाला कळत नाही. ‘टॅन्ड’ म्हणजे उन्हाने रापलेली कातडी. जन्मजात वर्णासाठी तो चुकीचा ठरेल. ‘स्वार्दी’ (swarthy) म्हणजे काळसर वर्णाचा, पण त्या शब्दाला काहीसा राकटपणाचा वास आहे, तेव्हा मुलीसाठी तो नकोच.

माझे प्रामाणिक मत विचाराल तर वर्णाची ओळच गाळावी. शादी डॉट कॉमने वर्णानुसार स्थळे गाळण्याची सोय २०२० मध्ये काढून टाकली. आपल्या बेळगाव-खानापूरकडच्या छापील अर्जांतूनही हा रकाना जायला हवा. शिक्षण, नोकरी आणि स्वभाव यांना ती जागा द्यावी. सोबत फोटो असतोच.