फ्लिक वेबचे हात

प्रिय मित्रा,

तुझी कविता वाचली. शाळेच्या संघाचा चढाईपटू, मध्यरेषेपाशी आला की अख्खं मैदान उठून उभं राहायचं, आणि आज तो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसतो. विषय फार चांगला आहे. पण तीन कडवी तू जुन्या सामन्यांवर खर्च केलीस आणि चौथ्यात 'गेले ते दिवस' म्हणून गळा काढलास. तो माणूस आज कसा आहे, ते मला कळलंच नाही.

अमेरिकन लेखक जॉन अपडाइकची 'एक्स-बास्केटबॉल प्लेअर' मिळवून वाच. १९५७ सालची कविता, पाच कडवी, तीस ओळी. अपडाइक तेव्हा पंचविशीत होता. पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या गावात वाढलेला, वडील शाळेत गणित शिकवायचे. त्याच्या कवितेतला फ्लिक वेब शाळेचा सर्वोत्तम बास्केटबॉलपटू होता, आता एका गॅरेजात पेट्रोल भरतो. सुरुवात मात्र रस्त्यापासून होते. शाळेच्या आवाराजवळून जाणारा रस्ता ट्रामच्या रुळांबरोबर वळतो आणि दोन चौकही पुढे जायच्या आत संपतो. फ्लिकचं आयुष्य तिथेच सांगून झालं, आणि अजून त्याचं नावही आलेलं नाही! मग पेट्रोलचे जुने पंप येतात, एका बाजूला पाच. बास्केटबॉलमध्येही एका संघाचे पाचच खेळाडू मैदानात असतात. हे अपडाइक बोलून दाखवत नाही. तूही असं काही बोलून दाखवू नकोस.

वैभवाला त्याने एकच कडवं दिलंय. १९४६ सालचे ३९० गुण, काउंटीतला अजून न मोडलेला विक्रम. लगेच पुढे निवेदक म्हणतो की घरच्या मैदानावर एकाच सामन्यात त्याने अडतीस की चाळीस गुण केलेले मी पाहिलेत. नोंदवहीतला आकडा नेमका, डोळ्यांनी पाहिलेला अंदाजे. या अंदाजामुळेच माझा त्या साक्षीदारावर विश्वास बसतो. तुझ्या कवितेत सामना पाहणारा कोणी नाहीच.

नंतर हात. खेळताना रानपाखरांसारखे असलेले तेच हात आता चाकाचे नट फिरवतात, अजूनही तितकेच तरल. पान्याला त्याचं काहीच नाही. या ओळीपाशी मी दर वेळी थांबतो. फ्लिकने दुसरं कुठलं काम शिकून घेतलं नाही, हे कवी सांगतो. त्याला दोष देत नाही, त्याची कीवही करत नाही. दिवसाचं काम संपल्यावर फ्लिक उपाहारगृहात बसतो, पिनबॉल खेळतो, मालकिणीशी फारसं बोलत नाही. तिच्या मागे रचलेल्या गोळ्या-चॉकलेटच्या टाळ्या वाजवणाऱ्या रांगांकडे पाहून मान हलवतो.

इंग्रज कवी हाउसमनने ऐन तारुण्यात गेलेल्या धावपटूवर लिहिलं, ती कविता १८९६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याची कीर्ती कोमेजायच्या आत तो गेला. सुंदर कविता आहे, पण मला अपडाइकचं काम अधिक अवघड वाटतं, कारण फ्लिकला उद्या सकाळी पुन्हा कामावर जायचंय.

तेव्हा गळीत हंगामात एक दिवस त्या वजनकाट्यापाशी जाऊन उभा राहा. पावती फाडताना त्याची बोटं कशी चालतात, उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांशी तो काय बोलतो, खुर्चीतून उठताना कोणत्या पायावर भार देतो, ते बघ. त्याला जुन्या सामन्यांबद्दल विचारू नकोस. मग नव्याने लिही, आणि चौथं कडवं काढून टाकूनच मला पाठव.

तुझा,
सर