पाण्याखाली कुंभक नको

प्रश्न : तारकर्लीला स्कूबा (पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहणं) शिकतेय. माझा सिलिंडर सगळ्यांच्या आधी संपतो. प्राणायामात कुंभक (श्वास रोखून धरणं) वाढवू का?

उत्तर : पाण्याखाली कुंभक अजिबात नको, ताई! १० मीटर खोलीवरून श्वास रोखून वर आलात, तर पाण्याचा दाब घटून फुप्फुसातली हवा दुप्पट व्हायला बघते. फुप्फुस फाटू शकतं. स्कूबात श्वास अखंड चालू हवा. सुरुवातीला मीही घाबरून धापा टाकायचो. मग घरी ४ अंक मोजत श्वास आणि ६ मोजत उच्छ्वास सुरू केला, तोही तोंडाने, कारण रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा देणारं साधन) तोंडातच असतो. (आमच्या योगशिक्षकांना हे मुळीच रुचलं नाही!) आता तेवढ्याच हवेत जास्त वेळ मासे बघतो. शवासनही करा. अंग सैल सोडून हातपाय कमी मारले की हवा वाचते. आणि सिलिंडर उचलून पाठ धरली, तर संध्याकाळी भुजंगासन, हळूच.