टाच सैल, करंगळी घट्ट: ड्रायर हातात घेण्याआधी

तुमची पोस्ट वाचली आणि तीन वर्षांपूर्वीची मीच मला दिसले. विणीचे रनिंग शूज (वरचा भाग स्वेटरसारखा विणलेला असतो ते), दर पावलाला टाच निसटतेय, करंगळीच्या बाजूला मात्र काचतंय, परत करायची मुदत संपलेली. आणि आता तुम्ही विचारताय की ड्रायरने तापवून सैल करू, की बाजूने कापून इलॅस्टिकची पट्टी बसवू. माझं उत्तर: दोन्ही नको, आणि ड्रायर तर अजिबात नको. का ते सांगते. लांबण लागेल, पण याच प्रश्नाने माझा एक चांगला जोड खाल्लाय, त्यामुळे थोडक्यात सांगणं मला जमणार नाही.

नंबर बरोबर आहे का, पाय संध्याकाळी मोजला का, पळायच्या मोज्यांवर घालून पाहिलं का, हे तुम्ही केलंच असेल असं धरून चालते.

आधी एक करा. आतला इनसोल, म्हणजे पायाखालचा सुटा थर, बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर अनवाणी पूर्ण भार देऊन उभे राहा. करंगळी किंवा चवड्याची बाजू इनसोलच्या कडेबाहेर येतेय का बघा. येत असेल तर हा बूट तुमच्या पायाचा नाही. वरच्या विणीशी कितीही झटापट केली तरी उपयोग नाही, कारण तळ अरुंद आहे. विणीचा वरचा भाग खाली एका पातळ कापडी तळाला शिवलेला असतो आणि ते सगळं मिळून फोमच्या सोलला चिकटवलेलं असतं. म्हणजे खालची रुंदी कारखान्यातच ठरून आलेली असते. वरची वीण ताणलीत तर पाय सोलच्या कडेवरून बाहेर लोंबकळेल, बूट रुंद होणार नाही. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर!

पाय इनसोलच्या आत नीट मावतोय आणि तरी काचतंय, तर दोष वरच्या भागात आहे आणि घरी काहीतरी करता येतं.

आता माझी कथा. मलाही हेच दुखणं होतं. मी रीतसर कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहिलं. (२०१२ साली नायकीने फ्लायनिट आणि आदिदासने प्राइमनिट आणलं, त्यानंतर विणीचे शूज सगळ्यांनीच काढले. माझा जोड या दोघांपैकी कुणाचाच नव्हता, आणि कंपनीचं नाव मी लिहिणार नाही, विचारू नका.) दोन दिवसांनी गोड भाषेत उत्तर आलं: वीण लवचिक असते, हेअर ड्रायरच्या उबदार हवेने ती सैल होते, तापवून जाड मोज्यांवर घाला आणि घरात फिरा. झालं. कंपनीच सांगतेय म्हटल्यावर मी कशाला शंका घेते?

पहिल्या दिवशी ड्रायर मारला. बूट गरम असेपर्यंत छान मोकळा वाटला, गार झाल्यावर पुन्हा जैसे थे. आता हे असंच होणार हे मला कळतं. वीण बहुतेक पॉलिएस्टरची असते. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पितच नाही आणि ताणलं तरी मूळ जागी परततं. चामडं ओलं करून, पायात घालून वाळवलं की पायाचा आकार घेतं. तो अनुभव इथे लागू नाही. चामड्यासाठी मिळणारे ते सैल करायचे फवारेही इथे वाया जातात.

पण मी तिथे थांबले नाही. ड्रायर कमी पडतोय म्हणून रंग खरवडायला वापरतात ती हीट गन कुणाकडून तरी मागून आणली. ही अक्कल माझी, कंपनीची नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. उजव्या बुटाच्या करंगळीच्या बाजूला ती फिरवली. अंतर ठेवलं होतं, हात सतत हलता ठेवला होता, सगळं व्हिडिओत दाखवतात तसं. वीण खरंच मऊ पडली, पाय आत घालून गार होऊ दिला, आणि आकार टिकला! दोन दिवस मी हवेत होते.

तिसऱ्या पळण्याला बाहेरच्या बाजूने वीण आणि सोल यांच्यामधली जोडाची रेघ उघडायला लागली. आठवड्याभरात तिने बेडकासारखं तोंड वासलं. त्याहून वाईट म्हणजे त्याच बाजूचा फोम आक्रसला होता. कडेला बारीक सुरकुत्या दिसत होत्या, पण मला वाटलं त्या वापराच्या आहेत. दोन्ही बूट टेबलावर शेजारी ठेवून मागून पाहिले तेव्हा कळलं की उजवा बाहेरच्या अंगाला किंचित कलंडलाय. तोपर्यंत मी त्यात तीन आठवडे पळत होते आणि उजवा गुडघा बाहेरच्या बाजूने का ठणकतोय याचं कारण व्यायामात शोधत होते. गुडघा शांत व्हायला दीड महिना गेला. बुटामुळेच दुखला हे सिद्ध करू शकत नाही, पण बूट बदलल्यावर थांबला एवढं खरं.

असं का होतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे मोह होणार नाही. विणीत जागोजागी कमी तापमानाला वितळणारा धागा घालतात. कारखान्यात उष्णता देऊन तो वितळवतात आणि गार झाला की तेवढा भाग कडक होतो. बोटांची टोपी, टाचेचा कप, नाडीच्या भोकांची पट्टी ही बहुधा अशीच कडक केलेली असते. घरी तापवलंत की हाच धागा पुन्हा मऊ होतो, म्हणून आकार बदलल्यासारखा वाटतो. पण बुटाला वापरतात त्यातले बरेच गोंद साठ-सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपासच सैल पडायला लागतात, आणि सोलचा फोम उष्णतेने आक्रसतो. बंद गाडीत उन्हात राहिलेले किंवा कपडे वाळवायच्या मशीनमध्ये टाकलेले शूज आखूड होतात ते यामुळेच. पॉलिएस्टर स्वतः वितळायला अडीचशे अंशांच्या वर जावं लागतं, म्हणून वीण वरून धडधाकट दिसते आणि आपल्याला वाटतं काही बिघडलं नाही. वीण टिकते, तिच्या खालचं सगळं जातं.

मग मी पुन्हा ग्राहक सेवेला लिहिलं. त्यांचीच मेल जोडून. उत्तर: "उष्णतेमुळे झालेलं नुकसान आणि ग्राहकाने केलेले बदल वॉरंटीत येत नाहीत." मी लिहिलं, अहो, ड्रायरचं तुम्हीच सांगितलंत. तक्रार बंद. पुन्हा उघडली. नवीन माणूस, पुन्हा पहिल्यापासून फोटो पाठवा, बिल पाठवा, तळाचा फोटो वेगळा पाठवा. पुन्हा बंद. हीट गनचं त्यांना माहीतही नव्हतं, मी लिहिलंच नव्हतं. ते नुसत्या ड्रायरवरच नाही म्हणाले! म्हणजे त्यांचा सल्ला जसाच्या तसा पाळणाऱ्यालाही त्यांनी हेच ऐकवलं असतं. पाचव्यांदा मी नाद सोडला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या या लोकांपैकी एकाने तरी तो बूट कधी हातात धरला असेल का, हा प्रश्न मला अजून पडतो. असो. तुम्ही लिहिणार असाल तर एवढंच करा: सल्ला मागू नका, सरळ बदलून मागा. आणि बुटाला सुई टोचण्याआधी लिहा, कारण एकदा टाका घातलात की विषय संपला.

आता काय करायचं ते. टाच निसटते म्हणून लोक टाचेमागे गादी चिकटवतात. तुमच्या बाबतीत हे नेमकं उलटं पडेल. गादी पायाला पुढे ढकलते, म्हणजे करंगळी आणखी अडकणार. अर्धा नंबर म्हणजे लांबीत जेमतेम चार मिलिमीटर, तेव्हा तीन मिलिमीटरची गादी लावून तुम्ही जवळजवळ अर्धा नंबर लहान बूट घातल्यासारखं होईल. शिवाय विणीवर गोंद नीट धरत नाही, चार पळण्यांत ती गादी गुंडाळून टाचेखाली येते आणि फोड येतो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

टाच धरायची ती पायाच्या वरून. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा नमदा (फेल्ट) घ्या, जिभेच्या, म्हणजे नाडीखालच्या पट्टीच्या, आतल्या बाजूला, पावलाच्या उंचवट्यावर येईल असा लांबट तुकडा कापा आणि कडेने सैल टाके घाला. पाय मागे, टाचेच्या कपात ढकलला जातो आणि बोटांना उलट जागा मिळते. माझ्या आताच्या जोडात हाच उपाय आहे आणि मी तो विसरूनही गेलेय, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नाही.

त्याच्या जोडीला नाडी. सगळ्यात वरचं जे जास्तीचं भोक असतं ते शोभेचं नाही. शेवटच्या दोन भोकांत नाडी समोर न नेता त्याच बाजूला सरळ वर घाला, म्हणजे दोन्हीकडे एकेक छोटा फास होतो. डावं टोक उजव्या फासातून, उजवं डाव्यातून घ्या, खाली टाचेच्या दिशेने ओढा आणि मग गाठ मारा. करंगळीसाठी खालून पहिलं भोक सोडून दुसऱ्यापासून सुरुवात करा. नाडी वर घट्ट, खाली ढिली. विणीच्या बुटात लोक एकसारखी ओढतात आणि पुढे चुण्या पडतात, त्या चुण्याच बोटांना काचतात. घोट्यासमोरच्या शिरेवर दुखलं तर वरचा फास थोडा सोडा.

एवढ्याने करंगळी सुटली नाही तर हात आत घालून, बूट उजेडासमोर धरून बघा की काचतंय ते नेमकं काय आहे. दहातल्या आठ वेळा वीण नसते, तिच्यावर बाहेरून दाबून बसवलेली प्लास्टिकची पातळ पट्टी असते, नाहीतर आतला एखादा जाड शिवणीचा कड. पट्टी असेल तर धारदार, बारीक टोकाच्या कात्रीने फक्त पट्टीला एक उभी चीर द्या, खालचा धागा न कापता. हळूहळू, चष्मा लावून. विणीला तिथे ताणायची मुभा मिळते आणि बहुतेकांचं काम तिथेच होतं. (दहातल्या आठ वेळा हा माझा अंदाज, स्वतःचे आणि ओळखीच्यांचे जोड धरून.)

कापून इलॅस्टिक बसवायचं तुमच्या डोक्यात आहे त्याबद्दल: विणीला कात्री लागली की घरं सुटतात, स्वेटरसारखीच. मी एका जुन्या बुटावर करून पाहिलंय. कड न बांधता कापलं तर उसवण सोलपर्यंत जाते. करायचंच असेल तर जुन्या, टाकाऊ जोडावर करा, आधी कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी नागमोडी टाके घाला आणि मगच मधून कापा. सुई बोथट टोकाची घ्या, टोकदार सुई धागा फाडते. दोरा पॉलिएस्टरचा, सुती दोरा घाम आणि घासण्याने लवकर तुटतो. टाके घालताना बुटात मूठ घालून वीण ताणलेली ठेवा, नाहीतर टाका आखूड बसतो आणि नवीन ठिकाणी काच सुरू. झटपट चिकटणारा गोंद लावू नका, तो वाळून काचेसारखा कडक होतो आणि कडेला वीण फाटते. अंगठ्याजवळ भोक पडायला लागलं असेल तर मात्र लगेच रफू करा, ते वाढायची वाट बघू नका.

ओघात एक: धुतल्यावर शूज वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवा. इतकं सगळं वाचून कुणी हीटरसमोर ठेवायला नको.

मी डॉक्टर नाही, बूट बनवणारी नाही, नुसती पळणारी आणि हट्टी बाई आहे. मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल किंवा करंगळीला आधीच भोवरी किंवा जखम असेल तर यातलं काहीही करू नका, आधी दाखवून या. बधिर पायाला काच कळत नाही, तिथे प्रयोग महागात पडतो.

इनसोलवर उभं राहून काय दिसलं ते लिहा. आणि तुमच्या बुटाची जीभ वेगळी आहे की मोज्यासारखी सलग वीण आहे तेही, कारण सलग असेल तर नमदा कुठे शिवायचा ते बदलतं. बाजूने आणि मागून असे दोन फोटो टाकलेत तर पट्टी आहे की नाही ते मीच सांगते.