‘अर्धा डॉक्टर’ होऊन काय करू?

‘नीट’चा निकाल लागला की माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या मुलांकडून हा प्रश्न हमखास येतो. पशुवैद्यकीय पदवीपुरते गुण नाहीत, मग पशुवैद्यकीय पदविका करून जन्मभर कुणाच्या तरी हाताखाली राहायचं का? विचारणारी बहुतेक मुलं गोठ्यात वाढलेली असतात. त्यांतल्या एकीशी झालेलं बोलणं ओळख पुसून सांगते.

सुरुवातीला ती गुणांवरच अडून होती. साडेपाच वर्षांची पदवी हुकली, मामेभाऊ परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला लागला, वडील चारचौघांत विषय टाळतात. मी समजूत काढत बसले नाही. माणूस निकालाने जितका खचत नाही तितका त्या निकालाला चिकटवलेल्या अर्थाने खचतो, यावर माझी सगळी मदार आहे.

“पदविका म्हणजे काय गं?”

“अर्धा डॉक्टर.”

“असा कुणी पाहिलायस?”

मग ती खुलली. “आमची म्हैस माजावर आली म्हणून आजोबांनी पशुधन पर्यवेक्षक काकांना बोलावलं, त्यांची पदविकाच झालीय. त्यांनी आधी हात घालून तपासलं, म्हणाले, गाभण आहे. कृत्रिम रेतनाच्या गोठवलेल्या वीर्याचं नायट्रोजनचं भांडं उघडलंसुद्धा नाही. आजोबा हट्टाला पेटले, भरवाच म्हणाले. पण भरवली असती तर गाभडली असती ना!”

“यात अर्धं काय होतं?”

ती बराच वेळ गप्प. हा प्रश्न नेमका तेव्हा सुचला याचं मला अजून बरं वाटतं. मग तीच म्हणाली, “पुढे वासरू आडवं अडलं, तेव्हा त्यांनी वेळ न घालवता मोठ्या डॉक्टरांना फोन केला. म्हणून दोघं वाचली.”

आपली हद्द ओळखणं हीच त्या माणसाची विद्या होती, आणि ती हे लहानपणापासून पाहत आली होती.

कायदाही तेच सांगतो. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार पदविकाधारकाने किरकोळ पशुवैद्यकीय सेवा नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली द्यायच्या असतात. गाव तुम्हाला ‘डॉक्टर’च म्हणणार, तेव्हा हुरळून जाऊन सलाइन लावत सुटू नका. प्रवेशाआधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात थोडे दिवस नुसते उभे राहा. शेण, रक्त, लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणातली लाथाबुक्की सोसते का बघा. जनावरांची माया सगळ्यांनाच असते, तेवढ्यावर निभत नाही. आणि पदविकेला नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची मान्यता आहे ना, हे जाहिरातीवरून ठरवू नका, विद्यापीठातच विचारा.

तिने प्रवेश घेतलाय. वडील अजून “पुन्हा नीट दे” म्हणतात. त्यांना मी वेगळं भेटायला बोलावलंय.