तालुक्याच्या गावी मधुमेह शिक्षकांचा गट कसा उभा करावा

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या ताईंचा प्रश्न असा: नागपुरात डायबेटिस एज्युकेटरचा कोर्स करून त्या गावाकडे परतल्या, पण आजूबाजूला हे काम करणारं दुसरं कोणीच दिसत नाही. चार जण जमवून संघटना काढायची आहे. तर नोंदणी कशी करायची, खर्च कुठून काढायचा आणि डॉक्टर मंडळी मानतील का?

मी परतवाड्याला मेडिकल चालवतो. कोर्स नंतर केला, पण काउंटरवर साखरेच्या पेशंटशी बोलण्यातच आयुष्य गेलं. अचलपूर, चांदूर बाजार, अंजनगाव इकडची आमची मंडळी बऱ्याच वर्षांपासून भेटतात. त्या जोरावर सांगतो.

पहिली गोष्ट, ताई, पाटी लावलेला एज्युकेटर शोधू नका, तालुक्यात तो नसतोच. पण साखरेवर पेशंटशी बोलणारे पुष्कळ आहेत. ग्रामीण रुग्णालयातल्या एनसीडीच्या (बीपी-साखरेसारख्या असंसर्गजन्य आजारांच्या) सिस्टर, आरोग्य मंदिरातले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), आशांच्या गटप्रवर्तक, मेडिकलवाले आणि लॅबमध्ये रक्त घेणारा पोरगा. त्या पोराला कोणी मोजत नाही, पण रिपोर्ट हातात पडला की पेशंट त्यालाच विचारतो, "किती आली भाऊ?" आणि तो जे बोलेल ते डॉक्टरांच्या सल्ल्याआधी घरी पोचतं. तिशीच्या पुढच्या माणसाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे साखर-बीपीचा धोका किती ते बघायचा कागद, आशा भरते, म्हणजे पहिली गाठ तिची. ही सगळी मंडळी तुमच्या गटात पाहिजेत. फक्त कोर्सवाले घ्यायचे म्हटलं तर बैठकीला तुम्ही आणि खुर्ची, दोघंच.

गट कशासाठी, हेही आधी ठरवा. माझ्या मते एकाच कामासाठी: पेशंटला पाच तोंडांनी पाच गोष्टी ऐकायला मिळू नयेत. सिस्टर म्हणते भात बंद, डायटिशियन म्हणते वाटीभर चालेल, शेजारीण म्हणते शिळा भात खा, आणि पेशंट शेवटी आपल्या मनाचं करतो. वणीकडे ज्वारी-कापूस, तिकडे गोंदिया-भंडाऱ्यात दोन्ही वेळ भात. त्या माणसाला 'भात बंद' सांगणं म्हणजे 'जेवू नको' सांगणं. म्हणून काय सांगायचं, किती सांगायचं, हे एकत्र बसून ठरवायचं. बाकी सत्कार, दीपप्रज्वलन, १४ नोव्हेंबरची रॅली हे होत राहील, न झालं तरी काही बिघडत नाही.

बैठकीत भाषण ठेवू नका. वस्तू ठेवा. आमच्याकडे सगळ्यात कामी आलेली बैठक सिरिंजची होती. टेबलावर इन्सुलिनच्या दोन सिरिंज ठेवल्या, एक लाल टोपणाची ४० युनिटची, एक केशरी टोपणाची १०० युनिटची. सोबत भांडंभर पाणी. प्रत्येकाला दोन्हीत २० च्या रेघेपर्यंत पाणी ओढायला सांगितलं. लाल सिरिंजमध्ये अर्धा मिली आलं, केशरीत ०.२ मिली. आता सरकारी दवाखान्यातून मिळणारी इन्सुलिनची बाटली बहुतेक ४० युनिट प्रति मिलीची असते. ती केशरी सिरिंजने भरली की २० च्या जागी पोटात जातात फक्त ८ युनिट. साखर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, आणि एक दिवस मेडिकलवाला बरोबर सिरिंज देतो तेव्हा वाढवलेला डोस पुरता पोटात जातो, साखर एकदम उतरते आणि पेशंट घामाघूम होऊन पडतो. उलट झालं, म्हणजे १०० ची बाटली लाल सिरिंजने, तर अडीचपट डोस. एक जुनी सिस्टर हातातली सिरिंज उजेडात धरून बराच वेळ रेघाच मोजत होती. आता आमच्या भागातल्या मेडिकलमध्ये बाटलीचा आकडा आणि सिरिंजचा आकडा जुळवल्याशिवाय पिशवी बांधत नाहीत.

दुसरी अशीच, भाकरीची. प्रत्येकाने घरची एक भाकरी आणायची आणि काट्यावर ठेवायची. कोणाची पातळ, कोणाची हातभर. जाडजूड भाकरी पातळ भाकरीच्या जवळजवळ दुप्पट भरली. मग 'दोनच भाकरी खा' या सल्ल्याला काय अर्थ राहिला? तेव्हापासून आम्ही पेशंटला आकडा सांगत नाही, घरची भाकरी दाखवायला सांगतो.

विषय ऋतूप्रमाणे धरा, आपोआप वर्षभर पुरतात. मार्चमध्ये इन्सुलिन कुठे ठेवायचं. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, उघडलेली साधारण चार आठवडे घरात चालते, पण ती २५-३० अंशांच्या घरात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो आणि लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही. फ्रिज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेला माठ, बाटली झाकणबंद डब्यात घालून. बर्फावर मात्र नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच. श्रावणाच्या आधी उपासाचा विषय, रमजानच्या आधी रोज्याचा. अचलपूरकडे तर दुसरा टाळून चालतच नाही. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, हे प्रत्येकाच्या तोंडी एकाच शब्दांत बसलं पाहिजे. धानपट्ट्यातले कोणी आले तर रोवणीच्या आधी पायांचा विषय. दिवसभर चिखलात अनवाणी उभ्या असणाऱ्या बाईला तळव्याला संवेदना आहे की नाही हे दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (तळव्याला टेकवायचा नायलॉनचा बारीक धागा) दोन मिनिटांत कळतं.

आणि एक विषय पुण्या-मुंबईच्या साहित्यात तुम्हाला क्वचित सापडेल, तो आपला आपणच घ्यायचा आहे: सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार. मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूर, आणि तुमच्याही भागात रुग्ण आहेत. तांबडी पेशी एरवी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलच्या रुग्णात त्याच्या कितीतरी आधी मरते. मग साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही रक्ततपासणी खऱ्यापेक्षा कमी दाखवते. कागदावर छान रिपोर्ट आणि ग्लुकोमीटरवर तीनशे, असं दिसलं तर आधी पेशंटला दोष देऊ नका, सिकलसेलची तपासणी झाली आहे का ते विचारा आणि डॉक्टरांच्या नजरेला आणा. पेशंट नुसता वाहक असेल, म्हणजे दोष एकाच पालकाकडून आलेला, तर फरक पडतो की नाही हे लॅबच्या मशीनवर अवलंबून असतं. म्हणूनही तो लॅबवाला पोरगा गटात हवा.

नोंदणीचं: आत्ता करू नका. सात माणसं गोळा करून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवता येते, पण आपल्या राज्यात ती धर्मादाय कार्यालयातही न्यावी लागते. मग दरवर्षी हिशेब, विश्वस्त बदलला की फेरफार अर्ज. अध्यक्ष कोण यावरून बैठका सुरू झाल्या की सिरिंज बाजूला राहते. आमचा गट आजही बिननोंदणीचा आहे.

खर्च असतोच किती? चहा, पोहे, झेरॉक्स. वर्गणीतून भागतं. कंपनीचा माणूस मोठ्या हॉटेलात जेवणासकट बैठक लावून द्यायला येईल, गोड बोलेल. नको म्हणा. औषध कंपन्यांनी डॉक्टर-नर्सना भेटवस्तू देण्यावर २०२४ च्या आचारसंहितेत बंदी आहेच, आणि ती नसती तरी त्यांच्या जेवणावर बसून त्यांच्या इन्सुलिन पेनाची किंमत कशी काढणार? ४० च्या बाटलीत भागणाऱ्या माणसाला महागडं पेन गळ्यात मारलं जातं, हे काउंटरवर मी रोज बघतो.

सरकारी मंडळींना स्वतःहून यायला भीती वाटते. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना साधं पत्र द्या, विषय लिहा, वेळ ओपीडी संपल्यावरची. बाजाराच्या दिवशी ठेवू नका, त्या दिवशी दवाखान्यात मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. पल्स पोलिओ आणि मार्च एंड सोडा. सोयाबीन निघायचे दिवसही सोडा, आशाताई तेव्हा शेतात असतात.

व्हॉट्सॲप ग्रुप काढाल तर तीन गोष्टी आधीच लिहून टाका: पेशंटचं नाव-फोटो नाही, डोस बदलायचा सल्ला नाही, गुड मॉर्निंग नाही. शेवटची सगळ्यात कठीण.

डॉक्टरांचं म्हणाल, तर त्यांना एकच भीती असते की हे लोक आपली चिठ्ठी बदलतील. ती भीती रास्त आहे. पहिल्या पत्रातच लिहा की आम्ही गोळी-इन्सुलिनला हात लावत नाही, चिठ्ठीत लिहिलेलं पेशंटकडून नीट घडवून घेतो. मग सिरिंजच्या बैठकीला एखाद्या फिजिशियनला बोलवा, प्रमुख पाहुणा म्हणून नाही, बाकीच्यांसोबत पाणी ओढायला. आमच्याकडे आलेले डॉक्टर दुसऱ्या आठवड्यापासून चिठ्ठीवर सिरिंजचा रंग लिहायला लागले.

पुसदकडे आणि पांढरकवड्याला असं काम करणारी एक-दोन माणसं माझ्या ओळखीची आहेत. त्यांना विचारून तुमच्याशी जोडून देतो. बैठकीची वेळ मात्र त्यांच्या शेवटच्या एसटीप्रमाणे ठरवा.