एक बटण, तीन स्पीकरजोड्या

प्रश्न : दिवाणखाना, झोपण्याची खोली आणि गच्ची अशा तीन ठिकाणी माझ्या स्पीकरच्या जोड्या आहेत, ॲम्प्लिफायर मात्र एकच आहे. एकच बटण दाबत गेल्यावर आवाज पुढच्या जोडीवर जावा, अशी व्यवस्था घरी करता येईल का?

उत्तर : येईल, आणि त्यासाठी मायक्रोकंट्रोलरच्या (प्रोग्रॅम लिहावी लागणाऱ्या चिपच्या) वाटेला जाण्याचेही कारण नाही. सीडी ४०१७ ही मोजणी करणारी आयसी (चिप) बटणाच्या प्रत्येक दाबाला एक घर पुढे जाते. तिच्या दहा आउटपुटपैकी कोणत्याही वेळी एकच चालू असते, त्यामुळे दोन जोड्या एकत्र जोडलेल्या राहत नाहीत. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर आले की ॲम्प्लिफायरवर ४ ओहमचा भार पडतो आणि तो सर्वांनाच झेपत नाही, म्हणून हा गुण मोलाचा. मात्र प्रत्येक जोडी रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, जोडली जाते आणि रिले सुटताना व बसताना काही मिलिसेकंद दोन्ही जोड्या लागलेल्या राहू शकतात. तेव्हा बटण दाबण्यापूर्वी आवाज कमी करण्याची सवय लावून घ्यावी.

पुरवठा १२ व्होल्टचा ठेवा. १६ क्रमांकाची पिन धनाला, ८ आणि १३ ऋणाला. पहिले आउटपुट, म्हणजे ३ क्रमांकाची पिन, मी मुद्दाम मोकळी सोडतो; वीज आल्यावर कोणतीही जोडी लागलेली नसते आणि ॲम्प्लिफायर सुरू होतानाचा 'धप्प' आवाज स्पीकरपर्यंत पोहोचत नाही. २, ४ आणि ७ या पिनांवरून यूएलएन २००३ (रिलेला पुरेसा प्रवाह देणारी आयसी) मार्फत तीन जोड्यांचे रिले चालवावेत, तर १० क्रमांकाची पिन एका डायोडमधून रिसेटच्या १५ क्रमांकाच्या पिनेला द्यावी, म्हणजे तिसऱ्या जोडीनंतर मोजणी पुन्हा पहिल्या, मोकळ्या घरावर येते. याच पिनेवर धनाकडे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ऋणाकडे १०० किलोओहमचा रोध बसवला की वीज येताच मोजणी शून्यावर येते. यूएलएनची ९ क्रमांकाची पिन १२ व्होल्टला जोडण्यास विसरू नका, कारण रिलेच्या कॉइलचा उलटा झटका शोषणारे डायोड तिथूनच काम करतात.

प्रश्न : बटण एकदाच दाबले तरी कधी दोन घरे पुढे जाते, तर कधी हात न लावताच जोडी बदलते. आयसी खराब असेल का?

उत्तर : आयसी बदलण्याची घाई करू नका. बटणातील पत्रे एकमेकांवर टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि आयसी त्यातली प्रत्येक थरथर प्रामाणिकपणे मोजते. धन बाजूकडून बटण, त्यापुढे १० किलोओहमचा रोध आणि मग १४ क्रमांकाची पिन अशी जोडणी करून त्या पिनेपासून ऋणाकडे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर व १०० किलोओहमचा रोध समांतर बसवावा. व्होल्टेज आता सावकाश चढते, पण या आयसीच्या क्लॉक इनपुटवर, म्हणजे याच १४ क्रमांकाच्या पिनेवर, श्मिट ट्रिगर (सावकाश बदलही एकच स्पष्ट बदल म्हणून घेणारी रचना) असल्याने तिला ते चालते.

हात न लावता होणाऱ्या बदलाचे कारण बहुधा बाहेरच असते. माझ्या पहिल्या जुळणीत बटणापर्यंत तीन मीटर साधी वायर नेली होती आणि स्वयंपाकघरातला फ्रिज सुरू झाला की गाणे गच्चीवर जायचे. वर सांगितलेला कपॅसिटर बटणापाशी नव्हे, तर आयसीच्या अगदी पायाशी आणला, १६ आणि ८ या पिनांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा आणखी एक लावला, आणि फ्रिजचा गाण्यांशी संबंध संपला.

प्रश्न : सर्व स्पीकरच्या काळ्या वायरी एकत्र करून फक्त लाल वायरी रिलेमधून नेल्या, तर निम्मे रिले वाचतील. असे का करू नये?

उत्तर : या काटकसरीने ॲम्प्लिफायर जळू शकतो. हल्लीच्या अनेक क्लास-डी (वेगाने चालू-बंद होऊन चालणाऱ्या) ॲम्प्लिफायर बोर्डांचे आउटपुट ब्रिज पद्धतीचे असते. त्यांत काळे टर्मिनल हे ग्राउंड नसून तेही जिवंत आउटपुटच असते आणि एकाच पुरवठ्यावर चालणाऱ्या बोर्डात त्यावर ग्राउंडच्या तुलनेत पुरवठ्याच्या सुमारे निम्मे व्होल्टेज असते. डाव्या-उजव्या बाजूंची काळी टर्मिनले एकत्र केली की दोन आउटपुट परस्परांशी भिडतात. वीज बंद करून, स्पीकर काढून, दोन्ही काळ्या टर्मिनलांमध्ये मल्टिमीटर लावावा. शून्याच्या आसपास ओहम दिसले तर ग्राउंड सामाईक आहे. तरीही उद्या ॲम्प्लिफायर बदलला जाईल, रिलेंची पेटी तीच राहील, म्हणून माझा आग्रह दोन्ही वायरी तोडण्याचाच आहे. एका स्टिरिओ जोडीला चार कॉन्टॅक्ट, म्हणजे दोन पोलांचे (एकाच वेळी दोन वायरी जोडणारे) दोन रिले, आणि तीन जोड्यांना सहा.

प्रश्न : हीच पेटी व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) जुन्या ॲम्प्लिफायरला चालेल का?

उत्तर : आहे तशी नाही. भाराविना चालवल्यास त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला धोका असतो, त्यामुळे पहिले मोकळे घर (३ क्रमांकाची पिन) वगळावे लागेल आणि जोडी बदलताना आवाज पूर्ण बंद ठेवावा लागेल.

प्रश्न : रिले किती अँपिअरचा घ्यावा? कॉन्टॅक्टमुळे आवाज बिघडतो असे ऐकले आहे.

उत्तर : ८ ओहमवर ५० वॅट म्हणजे २.५ अँपिअर, त्यामुळे ५ ते ८ अँपिअरचा रिले पुरतो. सिग्नलसाठीचे १ अँपिअरचे नाजूक रिले इथे नकोत. चांगल्या कॉन्टॅक्टचा रोध ०.१ ओहमच्या आत असतो. याउलट गच्चीपर्यंत १ चौरस मिलिमीटरची वायर १० मीटर नेली, तर जाऊन-येऊन २० मीटर तांब्याचा रोध सुमारे ०.३४ ओहम भरतो. पैसे खर्च करायचेच असतील तर ते २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीवर करा.