पडदा लागला, पाटी कोण बदलणार?

प्रश्न : नौपाड्यातील आमच्या पतसंस्थेत ठेवींचे व्याजदर, कर्जयोजना आणि सुट्ट्यांच्या सूचना आजवर कागदावर छापून दर्शनी भागात चिकटवल्या जातात. एका विक्रेत्याने आता ‘डिजिटल साइनेज’चा आग्रह धरला आहे, तर काही संचालकांचे म्हणणे असे की, घरच्यासारखा मोठा टीव्ही भिंतीला लावून त्यात पेन ड्राइव्ह खोचला की काम झाले. या दोहोंत फरक काय आणि आमच्यासारख्या लहान संस्थेला त्याचा उपयोग कितपत? — एक सचिव, ठाणे

उत्तर : डिजिटल साइनेज आपण रोज पाहता, फक्त त्याला ते नाव देत नाही. ठाणे स्थानकाच्या फलाटावरचा इंडिकेटर म्हणजे तेच. शेवटचे स्थानक कोणते, गाडी धिमी की जलद, डबे किती आणि वेळ काय, एवढेच तो सांगतो, ते पुलावरून धावत उतरणाऱ्या माणसाला एका नजरेत कळते, आणि गाडी सुटली की मजकूर आपोआप पुढच्या गाडीचा होतो. या व्यवस्थेचे भाग चार : पडदा, त्याला चित्र पुरवणारा प्लेयर (हा काडेपेटीएवढाही असतो, किंवा पडद्यातच बसवलेला असतो), कोणता मजकूर कोठे आणि केव्हा दिसावा हे ठरवणारे सॉफ्टवेअर, आणि हे सारे जोडणारे इंटरनेट. पेन ड्राइव्हच्या पद्धतीत शेवटच्या दोन भागांचे काम शिपायाच्या पायांना करावे लागते. संस्थेचे एकच कार्यालय असेल तर त्यात काही बिघडत नाही. परंतु कळवा, ऐरोली अशा शाखा असतील आणि व्याजदर सोमवारी सकाळी सर्वत्र एकाच वेळी बदलायचा असेल, तर सॉफ्टवेअरचे पैसे वसूल होतात.

टीव्ही आणि व्यावसायिक पडदा यांतला फरक दिसण्यापेक्षा टिकण्याचा अधिक आहे. घरचा टीव्ही दिवसातून काही तास चालेल असे गृहीत धरून बनवलेला असतो. व्यावसायिक पडदा १६ किंवा २४ तास चालण्यासाठी असतो, त्याच्यावर बाहेरून कोणी रिमोटने चॅनेल बदलू नये म्हणून बटणे बंद करता येतात, आणि बहुतेक व्यावसायिक पडदे उभेही लावता येतात. उजेड ‘निट’ या एककात मोजतात. घरगुती टीव्हीला साधारण २५० ते ४०० निट पुरतात, तर काचेतून रस्त्याकडे तोंड करून, उन्हाशी स्पर्धा करत चालणाऱ्या पडद्याला २,००० किंवा त्याहून अधिक लागतात. आपला पडदा आत, सावलीत आणि आठ-नऊ तास चालणार असेल, तर संचालकांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. मात्र टीव्हीच्या वॉरंटीचे कार्ड आधी वाचावे, कारण दुकान-कार्यालयातील वापर त्यातून अनेकदा वगळलेला असतो. विजेची फार चिंता नको : १०० वॅटचा पडदा दहा तास चालला तर दिवसाला एक युनिट होते.

खरी अडचण यानंतर सुरू होते. गेल्या फेब्रुवारीत पाचपाखाडीतील एका कार्यालयात मी पाऊण तास बसलो होतो. भिंतीवर ५५ इंची देखणा पडदा होता आणि त्यावर दिवाळीच्या शुभेच्छा चालू होत्या. पणती विझे, पुन्हा पेटे. त्याच्या बरोबर खाली, सेलोटेपने चिकटवलेल्या कागदावर बॉलपेनने लिहिले होते, ‘आज सर्व्हर बंद आहे, उद्या यावे.’ लोक कागद वाचून परत जात होते. शाळेत फळ्यावर सुविचार लिहिणारा विद्यार्थी वहीत नावानिशी ठरलेला असे, म्हणून सुविचार रोज बदलत असे. पडद्याचे तसे कोणी ठरवत नाही. म्हणून खरेदीच्या ठरावातच मजकूर बदलणाऱ्या कर्मचाऱ्याचे आणि त्याच्या रजेत ते काम पाहणाऱ्याचे पद नमूद करावे. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सूचनेला समाप्तीची तारीख देता येते. ती दिल्याशिवाय एकही सूचना चढवू नये, म्हणजे शुभेच्छा निदान तुळशीच्या लग्नापर्यंत तरी उतरतील. पैसे घालण्यापूर्वी एक महिना सध्याचा कागदी फलकच रोज सकाळी दहाच्या आत अद्ययावत करून पाहावा. तेवढे जमले नाही तर पडदा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि कायद्याने किंवा उपविधींनुसार ज्या नोटिसा फलकावर लावायच्या असतात, त्या पडदा आला तरी कागदावर लावाव्यातच.

प्रश्न : कोपरखैरणे येथील आमच्या दवाखान्यात टोकन क्रमांक आणि रुग्णाचे नाव दाखवणारा ४३ इंची पडदा लावला आहे. मराठी मजकूर कधी मोडका दिसतो, कधी निरर्थक इंग्रजी अक्षरे येतात, आणि मागच्या बाकावरच्यांना वाचता येत नाही, अशी तक्रार आहे. — एक डॉक्टर, नवी मुंबई

उत्तर : तक्रारी तीन असल्या तरी त्यांची कारणे वेगवेगळी आहेत. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होतो, कारण मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला असतो (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी, सर्व संगणकांना समजणारी पद्धत); छपाईच्या दुकानातून आणलेल्या फायलींत हे हमखास आढळते. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असल्यामुळे प्लेयरला फॉन्ट सापडला नाही की मूळ जागा उघड्या पडतात. मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टंकावा. मोडक्या अक्षरांचे कारण निराळे आहे : देवनागरीत ‘स्थिती’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी सरकवावी लागते आणि जोडाक्षर घडवावे लागते, आणि स्वस्त प्लेयर किंवा एलईडी पट्टीच्या नियंत्रकाला हे येत नाही, म्हणून पाय मोडलेली अक्षरे एकापुढे एक मांडली जातात. नवा प्लेयर घेईपर्यंत कायमच्या सूचना संगणकावर तयार करून चित्र म्हणून चढवाव्यात. चित्रातले अक्षर मोडत नाही.

वाचनीयतेसाठी व्यवसायात एक ढोबळ नियम वापरतात : दर १० फूट अंतराला अक्षराची उंची किमान १ इंच. आपला शेवटचा बाक २० फुटांवर असेल तर अक्षर २ इंचांचे हवे. ४३ इंची आडव्या पडद्याची उंची सुमारे २१ इंच भरते, आणि मराठीत शिरोरेषेवर मात्रा व खाली उकार असल्यामुळे ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. म्हणजे जेमतेम सहा ओळी बसतात. त्यात चालू टोकन, पुढची दोन टोकने आणि खोली क्रमांक एवढेच ठेवावे. मधुमेहाच्या माहितीचे चलत्चित्र त्याच पडद्यावर कोपऱ्यात दाबून बसवण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण क्रमांकाची वाट पाहणाऱ्या माणसाचे डोळे कोपऱ्यात अडकले की त्याचा नंबर निघून जातो आणि वाद आपल्या स्वागतिकेच्या टेबलावर येतो.

रुग्णाचे नाव मात्र पडद्यावरून काढावे. बाहेर बसलेल्या शेजाऱ्याला ‘अमुक जण त्वचारोगाच्या खोलीत’ हे कळण्याचे काहीच कारण नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर तर सावधगिरी अधिकच आवश्यक आहे. टोकन क्रमांकाने काम भागते. ज्यांना दिसत नाही किंवा वाचता येत नाही त्यांच्यासाठी क्रमांक मराठीत मोठ्याने पुकारण्याची सोय ठेवावी.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या लिफ्टमध्ये एक जाहिरात कंपनी विनामूल्य पडदे लावून वर भाडेही देणार आहे. होकार द्यावा का? — एक कमिटी सदस्य, ठाणे

उत्तर : द्यावा, परंतु कमिटीच्या नव्हे, सर्वसाधारण सभेच्या ठरावाने. लिफ्टच्या डब्यात भोके पाडून वायर ओढण्याआधी देखभाल करणाऱ्या ठेकेदाराची लेखी संमती घ्यावी, वीज कोणाच्या मीटरवर जाईल ते लिहून घ्यावे, आणि आवाज कायम बंद राहील अशी अट घालावी. २२व्या मजल्यावर राहणाऱ्याला तीच बिल्डरची जाहिरात दिवसातून सहा वेळा ऐकवणे हा छळ आहे. जाहिरातींच्या प्रत्येक चक्रात काही सेकंद संस्थेच्या स्वतःच्या सूचनांसाठी राखून घ्यावेत : पाण्याची टाकी धुण्याचा दिवस, जनरेटरची चाचणी. लिफ्टमध्ये माणूस अर्धा-पाऊण मिनिट असतो, तेव्हा चक्र पाच मिनिटांचे असेल तर आपली सूचना बहुतेकांना दिसणारच नाही, हे कराराच्या वेळी लक्षात ठेवावे. पडद्याला कॅमेरा आहे का, तो चेहरे मोजतो का, हे थेट विचारावे आणि उत्तर करारात घ्यावे. निवडणुकीच्या काळात राजकीय जाहिराती दाखवायच्या की नाहीत, हेही आधीच ठरवावे. शिवाय हे भाडे सभासदांकडून आलेले नसल्यामुळे सभासदांच्या वर्गणीला प्राप्तिकरात मिळणारी सवलत त्याला लागू होत नाही. लेखापरीक्षकांशी बोलून घ्यावे.

प्रश्न : वाशीतील दुकानाबाहेर धावत्या अक्षरांची एलईडी पाटी लावली, तर वेगळी मराठी पाटी लागेल का? — एक दुकानदार

उत्तर : वेगळी, स्थिर मराठी पाटी ठेवावी. २०२२च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रातील सर्व दुकानांचा नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असणे आणि त्यातील मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसणे बंधनकारक आहे. धावत्या पाटीवर नाव क्षणभर दिसून निघून जाते, तिच्या भरवशावर राहणे धोक्याचे. बाहेरच्या जाहिरात फलकाला महापालिकेचा परवाना लागतो का, हे बसवण्यापूर्वी विभाग कार्यालयात विचारावे. पाटी आयपी ६५ दर्जाची घ्यावी, म्हणजे पावसाचे पाणी आत जाणार नाही, आणि तिचे वीजजोडणीचे खोके पत्र्याच्या शेडखाली, फुटपाथवरून चालणाऱ्याचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, आरसीसीबी (वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच) लावूनच बसवून घ्यावे.